उरलेली रक्कम भरण्यापूर्वी गाडीचा चेसिस क्रमांक लेखी मिळावा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

नवीन मोटार घेताना ग्राहकाने सगळी रक्कम आधी भरायची आणि नेमकी कोणती गाडी आपल्या वाट्याला येणार हे त्याला नंतर कळायचे, अशी रीत आपल्या भागातील काही शोरूममध्ये पडून गेली आहे. ती बदलावी आणि उरलेली रक्कम मागण्यापूर्वी विक्रेत्याने त्या गाडीचा चेसिस क्रमांक (सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतंत्र ओळखक्रमांक), तिच्या उत्पादनाचा महिना व वर्ष आणि एकूण रकमेची बाबवार फोड सहीशिक्क्यानिशी द्यावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. जनावरांच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्याशिवाय इसार न देणारा आमचा शेतकरी शोरूमच्या काचेआड गेला, की आठ-दहा लाख रुपये न पाहिलेल्या गाडीपोटी भरून मोकळा होतो. यात दोष त्याचा एकट्याचा नाही. त्याच्यापुढे येणारा कागदच तसा अर्धामुर्धा असतो.

एका पतसंस्थेत हिशेबाचे काम केल्यामुळे नात्यागोत्यातील मंडळी मोठ्या खरेदीचे कागद मला दाखवायला आणतात. माझ्या भाच्याने बेळगावच्या एका शोरूममध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या लहान मोटारीचे बुकिंग केले होते. काही दिवसांनी ‘गाडी यार्डात आली आहे, राहिलेले पैसे भरा म्हणजे लगेच पासिंगला टाकतो’ असा फोन आला. गाडी पाहायला मिळेल का, असे त्याने विचारले, तेव्हा ‘दादा, पैसे भरून मोकळे व्हा, गाडी कुठं पळून जात नाही’ असे हसतमुखाने सांगण्यात आले. बँकेने कर्जाची रक्कम परस्पर विक्रेत्याच्या खात्यावर जमा केली, स्वतःच्या वाट्याची रक्कम भाच्याने आरटीजीएसने भरली आणि त्याला पावती मिळाली. ती पावती मी पाहिली आहे. तिच्यावर रक्कम होती, तारीख होती, मॉडेलचे नाव आणि रंगही होता. चेसिस क्रमांकाच्या रकान्यात मात्र पेनने एक आडवी रेघ ओढलेली होती.

त्या रेघेचा अर्थ पुढे कळला. फोनवर ज्या गाडीबद्दल सांगितले होते, ती दुसऱ्याच ग्राहकाला गेली होती आणि भाच्याला दाखवण्यात आलेली गाडी आदल्या वर्षी तयार झालेली निघाली. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे उमटवलेले असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. उदाहरणार्थ, तिथे ३२२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. गाडीवरचे चारही टायर आदल्या वर्षाच्या मध्यावरचे होते, म्हणून त्याने चौकशी केली आणि मग चेसिस क्रमांकावरूनही तेच सिद्ध झाले. गाडी जुन्या साठ्यातील असणे हा गुन्हा नव्हे, आणि तसे आधी सांगून किंमत कमी केली असती तर कदाचित त्याने ती घेतलीही असती. परंतु पुढे विकताना उत्पादनाचे वर्ष पाहूनच भाव ठरतो, हे विक्रेत्यालाही पक्के ठाऊक असते. लेखी तक्रार केल्यावर दुसरी गाडी मिळाली. मधल्या काळातील बँकेचे व्याज मात्र कोणी दिले नाही, आणि पावतीवर गाडीची ओळखच नसल्यामुळे ‘ठरलेली गाडी दिली नाही’ असे म्हणायला त्याच्या हातात काही आधारही नव्हता.

व्याजाचा हा मुद्दा फारसा कोणी लक्षात घेत नाही. कर्जाची रक्कम विक्रेत्याच्या खात्यावर ज्या दिवशी पडते, त्या दिवसापासून व्याज सुरू होते. गाडी दारात आली की नाही, याच्याशी बँकेला देणेघेणे नसते. सहा लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने असेल, तर महिनाभराचा उशीर म्हणजे साडेचार हजार रुपये व्याज केवळ वाट पाहण्याचे. तेव्हा कर्जाची रक्कम सोडण्याचे पत्र बँकेला देण्यापूर्वी गाडी कोणती हे नक्की झालेले असणे ग्राहकाच्या हिताचे आहे. खरे तर ते बँकेच्याही हिताचे आहे, कारण तिचे तारण ती गाडीच आहे. पण आमच्याकडील बँका आणि सौहार्द सहकारी संस्था कोटेशनवर कर्ज मंजूर करतात, आणि कोटेशनमध्ये चेसिस क्रमांक नसतो. कर्ज मंजूर करण्यासाठी कोटेशन पुरेसे असेल. रक्कम विक्रेत्याला पाठवण्यासाठी ते पुरेसे मानू नये, असा ठराव प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाला एका बैठकीत करता येईल.

विक्रेत्यांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. एकदा ग्राहकाच्या नावाने बिल फाडले आणि गाडीची नोंदणी झाली, की तो ग्राहक मागे फिरला तर ती गाडी ‘नवीन’ म्हणून पुन्हा विकता येत नाही. शिवाय यार्डात उभ्या असलेल्या गाड्या विक्रेत्याने बहुधा बँकेचे कर्ज काढून कंपनीकडून उचललेल्या असतात आणि त्यांचे व्याज रोज चढत असते. म्हणून बिल व नोंदणीपूर्वी पूर्ण रक्कम हाती असावी, हा त्यांचा आग्रह मला रास्त वाटतो. माझे म्हणणे इतकेच, की गाडी यार्डात येणे आणि बिल होणे या दोन्हींच्या मध्ये एक टप्पा असतो. तेथे विक्रेत्याच्या संगणकावर अमुक चेसिसची गाडी अमुक ग्राहकाला, अशी नोंद झालेली असते. तीच नोंद छापून, सही करून ‘वाटपपत्र’ म्हणून ग्राहकाला द्यायला विक्रेत्याला एका कागदापलीकडे काही खर्च नाही. त्या कागदानंतर ग्राहकाने यार्डात जाऊन गाडी प्रत्यक्ष पाहावी, चेसिसवर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा आणि मग रक्कम भरावी. बहुतेक कंपन्यांच्या चेसिस क्रमांकातील दहावे अक्षर वर्ष दाखवते. २०२४ साठी ‘आर’, २०२५ साठी ‘एस’ आणि २०२६ साठी ‘टी’ असा तो क्रम आहे. विक्रीच्या दाखल्यात, म्हणजे नमुना क्रमांक २१ मध्ये, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावेच लागते. पण तो दाखला ग्राहकाच्या हाती पडतो तो सगळे उरकल्यावर.

पैसे कोणाच्या खात्यावर जातात, हेही पाहिले पाहिजे. बुकिंगची रक्कम विक्री प्रतिनिधीच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर यूपीआयने पाठवण्याची सवय आमच्याकडे सर्रास दिसते, कारण तो मुलगा ओळखीचा असतो, गावातला असतो, त्याच्या वडिलांशी आपला घरोबा असतो. उद्या तो नोकरी सोडून दुसऱ्या शोरूममध्ये गेला, तर ती रक्कम शोरूमच्या खात्यात दाखवणार कोण? रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना समोरच्या खातेदाराचे नाव बँकेच्या नोंदीतून आधी पडताळून पाहण्याची सोय ऑनलाइन व शाखेतही आहे. त्या नावाशी कोटेशनवरील फर्मचे नाव जुळले तरच पैसे पाठवावेत, आणि प्रत्येक रकमेची पावती त्याच दिवशी घ्यावी. वस्तू विकल्यावर बिल किंवा पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा ठरते, हे विक्रेत्याला आठवण करून देण्यात काही वावगे नाही.

रोखीचा प्रश्न आमच्या भागात जास्तच येतो. तंबाखू, गूळ, भाजीपाला यांचे व्यवहार करणाऱ्यांकडे रोख रक्कम असते आणि ती मोजून टेबलावर ठेवली की व्यवहार चोख झाला, अशी त्यांची भावना असते. परंतु एका व्यवहारापोटी एका माणसाकडून दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने २०१७ पासून बंदी आहे आणि स्वीकारणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड होऊ शकतो. दंड आपल्याला बसू नये म्हणून काही ठिकाणी वडील, भाऊ, मेहुणा अशा निरनिराळ्या नावांनी पावत्या फाडल्या जातात. यातून कायदा तर टळत नाहीच, वर वाद झाला तर गाडीचा खरेदीदार एक आणि पावत्या चौघांच्या, असा घोळ होऊन बसतो. गाडीची किंमत दहा लाखांच्या वर असेल, तर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, वसूल करतो. ही रक्कम बुडीत नाही. पॅन क्रमांक बरोबर दिला असेल तर ती आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात दिसते आणि विवरणपत्र भरून करात वळती करता येते किंवा परत मागता येते. शेतीचेच उत्पन्न असल्यामुळे विवरणपत्र कधीच न भरणारे अनेक ऊसउत्पादक हे पैसे तसेच सोडून देतात, कारण कोटेशनवर ते ‘इतर’ या सदरात घुसडलेले असतात.

त्या ‘इतर’ सदराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाबवार फोड मागण्याचे खरे कारण तेच आहे. ऑन-रोड किंमत म्हणून एकच आकडा सांगितला जातो आणि घासाघीस त्या एका आकड्यावर होते. त्यात एक्स-शोरूम किंमत, राज्याचा आजीवन कर, विमा, फास्टॅग, टीसीएस, वाढीव वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीज, रंगावरचे कोटिंग आणि ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची एक रक्कम अशा गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. यांतील काही रकमा सरकारी आहेत आणि त्यांत एक रुपयाही कमी-जास्त होऊ शकत नाही. काही पूर्णपणे ऐच्छिक आहेत. आणि हँडलिंगची रक्कम तर मागण्याचेच कारण नाही, कारण कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. वीस हजारांची सूट दिल्याचा आनंद ग्राहकाच्या चेहऱ्यावर असतो आणि तीच रक्कम कोटिंग व हँडलिंगमधून परत गेलेली असते.

विम्याचेच घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकारने ठरवून दिलेला आहे. २०२२ च्या अधिसूचनेत तो १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला १०,६४० रुपये होता. त्यापुढे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो विमा असतो, त्याचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो आणि तो बाहेरून घेण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. विमा नियामकाने २०१७ साली वाहन विक्रेत्यांसाठी जे दंडक घातले, त्यांतही ग्राहकावर सक्ती करता येत नाही. तरीही ‘आमच्याकडचा विमा घेतला नाही तर सूट मिळणार नाही’ किंवा ‘डिलिव्हरीला वेळ लागेल’ असे सूचक शब्दांत सांगितले जाते. एक वस्तू देण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे याला ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधक व्यापार प्रथा म्हटले आहे. घरात आधीच एक गाडी असून मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा घेतलेला असेल, तर नव्या गाडीबरोबर तो पुन्हा घेण्याची गरज नाही, हेही कोणी आपणहून सांगत नाही.

किंमत कोणत्या दिवसाची लागू होणार, याबद्दल बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरांत एक अट असते: डिलिव्हरीच्या दिवशीचा दर ग्राह्य. ही अट ग्राहकाला सहसा महागात पडते, पण एकदा ती त्याच्या बाजूने उभी राहिली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकरही गेला. ज्यांनी बुकिंग आधी केले होते पण ज्यांचे बिल त्या दिवसानंतर झाले, त्यांना कमी दराचा लाभ मिळाला. पूर्ण पैसे भरूनही बिल झालेले नाही आणि बिल झाले आहे, या दोन अवस्थांत किती अंतर असते, हे त्या आठवड्यात अनेकांना पहिल्यांदा उमगले असावे.

आता आपल्या सीमाभागाची खास अडचण. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते आणि चंदगडकराला कोल्हापूरपेक्षा बेळगाव. सोयरिकी दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे; मग गाडीची खरेदीही दोन्हीकडे होते. जीएसटी देशभर सारखा असला तरी वाहनावरचा कर ज्या त्या राज्याचा असतो. कर्नाटकात गेली काही वर्षे पाच ते दहा लाखांच्या मोटारीला १४ टक्के आजीवन कर आणि त्या करावर पुन्हा उपकर आहे; महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के. आठ लाखांच्या गाडीवर हा फरक पंचवीस हजारांच्या वर जातो, आणि तो वाचवण्यासाठी कोल्हापूर किंवा गडहिंग्लजच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-०९ चे पासिंग करून घेण्याचा सल्ला शोरूममधूनच मिळतो. मला हा सल्ला पसंत नाही. मालक जिथे राहतो आणि गाडी जिथे कायम ठेवली जाते, त्याच राज्यात ती नोंदवावी असे मोटार वाहन कायद्याचे कलम ४० सांगते, आणि परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर कलम ४७ प्रमाणे इथला क्रमांक घ्यावाच लागतो. बाराही महिने घरासमोर उभ्या असणाऱ्या गाडीचे कागद पाहुण्यांच्या पत्त्यावर असले, की नोटीस त्यांच्याकडे जाते आणि वाईटपणाही त्यांच्याच वाट्याला येतो.

कोल्हापुरात गाडी घेऊन ती चिकोडीला केए-२३ मध्ये नोंदवायची असेल, तर तो मार्ग सरळ आणि कायदेशीर आहे, पण त्यातील एक गोष्ट पैसे भरण्यापूर्वी समजून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा आहे. मात्र हे बंधन विक्रेता आणि नोंदणी एकाच राज्यात असतील तेवढ्यापुरते आहे. म्हणजे कोल्हापूरचा विक्रेता तात्पुरती नोंदणी करून गाडी हवाली करील, आणि कायम नोंदणीचा अर्ज व कर्नाटकाचा आजीवन कर ही जबाबदारी खरेदीदाराची राहील. कोटेशनमध्ये ऑन-रोड म्हणून जो आकडा दिला असेल, त्यात कोणत्या राज्याचा कर धरला आहे, हे लेखी विचारल्याशिवाय धनादेश फाडू नये. कोगनोळीचा नाका ओलांडल्यावर ‘कर आमच्याकडे भरलाच नव्हता’ हे कळण्यात काही अर्थ नाही.

नावांचाही एक घोळ असतो. आमच्या आधार कार्डावर पत्ता कन्नड आणि इंग्रजीत, पॅन कार्डावर आडनावाचे स्पेलिंग वेगळे, आणि बँकेत तिसरेच. बिलावर, विम्यावर आणि नोंदणीच्या अर्जावर नाव एकसारखे पडले नाही, तर दुरुस्तीसाठी आरटीओच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून बिल छापण्यापूर्वी त्याचा मसुदा मोबाइलवर मागवून वाचून पाहावा.

डिलिव्हरीच्या दिवसाबद्दल मला थोडे कठोर लिहावे लागेल. शोरूममध्ये गाडीवर सॅटिनचे कापड अंथरलेले असते, हार, नारळ, पेढे आणि पुठ्ठ्याची मोठी किल्ली तयार असते, घरची सगळी मंडळी नटूनथटून आलेली असतात आणि गुरुजींनी सांगितलेली वेळ जवळ आलेली असते. नेमक्या त्या वेळी एका टेबलावर कागदांचा गठ्ठा पुढे येतो आणि ‘काका, इथं, इथं आणि इथं’ असे बोट दाखवत सह्या घेतल्या जातात. बोलणे सगळे आपल्या मराठीत आणि कागद सगळे इंग्रजीत. त्या गठ्ठ्यात गाडी सुस्थितीत, सर्व साहित्यासह आणि समाधानकारकपणे मिळाल्याची पोचही असते. ती सही झाल्यानंतर कापड बाजूला होते. बंपरवरचा ओरखडा, नसलेली दुसरी किल्ली, नसलेले जॅक-पाना यांबद्दल मग कोणी काही बोलले, तर शुभ प्रसंगी कुरकुर करणारा म्हणून घरातलेच लोक त्याला गप्प करतात. आधी गाडी पाहावी आणि मग पोच द्यावी, हा क्रम ठेवला तर कोणाचाही मुहूर्त चुकणार नाही. पाहणी आदल्या दिवशी दिवसाउजेडी करता येते.

मुहूर्ताच्या हट्टापायी एक मोठी बेकायदेशीर गोष्ट मात्र आपण सगळेच चालवून घेतो. तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी खरेदीदाराच्या ताब्यात देऊ नये, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४२ मध्ये स्पष्ट आहे. आणि विक्रेत्याने नोंदणीचा अर्ज केलेली नवी गाडी क्रमांकाची पाटी लागल्याशिवाय मालकाला देऊ नये, असे आता मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्येही आहे. उच्च सुरक्षा नंबर प्लेट एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या वाहनांना विक्रेत्यानेच बसवून द्यायची असते. असे असूनही दसरा-पाडव्याला नंबर प्लेटच्या जागी कागद चिकटवलेल्या गाड्या महामार्गावर सर्रास धावताना दिसतात. अशा गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न नोंदणीचा विचारते. ‘नंबर दोन दिवसांत येतो’ असे सांगून गाडी देणारा विक्रेता त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हजर नसतो.

तक्रार कुठे करायची, हे अनेकांना माहीत नसते म्हणून लिहितो. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. म्हणजे गाडी कोल्हापुरात घेतली तरी निपाणीच्या ग्राहकाला कोल्हापूरच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. बेळगावच्या आयोगात जाता येते, आणि बेळगावात गाडी घेतलेल्या चंदगडकराला त्याच्या जिल्ह्यात. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला दोनशे रुपये आणि दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला चारशे रुपये इतकेच शुल्क आहे. मुदत दोन वर्षांची. आयोगात जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. पुष्कळ विक्रेते तेवढ्यानेही लेखी उत्तर देतात. मात्र या सगळ्याला आधार लागतो तो कागदाचा, आणि रेघ ओढलेल्या रकान्याचा आधार कोणत्याच आयोगापुढे पुरत नाही.

बेळगाव आणि चिकोडी येथील प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की विक्रेत्यांच्या व्यवसाय प्रमाणपत्राचे नूतनीकरण करताना त्यांनी दोन गोष्टींची विचारणा करावी: उरलेली रक्कम घेण्यापूर्वी चेसिस क्रमांकासह वाटपपत्र दिले जाते का, आणि नंबर प्लेटशिवाय गाडी बाहेर सोडली जाते का. वाटपपत्र आणि नंबर प्लेट लावलेली गाडी मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असा फलक प्रत्येक शोरूममध्ये कन्नड आणि मराठीत लावायला सांगितले, तर विक्री प्रतिनिधींचेही काम सोपे होईल, कारण त्यांना वरून जे सांगितले जाते तेच ते बोलतात. जे विक्रेते आजही वाटपपत्र देतात, आणि असे काही जण आपल्या भागात नक्कीच आहेत, त्यांना या पत्राचा राग येण्याचे कारण नाही. आपल्या वृत्तपत्राने या दोन प्रश्नांवर दोन्ही परिवहन कार्यालयांचे म्हणणे मिळवून ते पुढच्या सणाच्या आधी छापावे, म्हणजे बुकिंग करून बसलेल्यांना ते कात्रण घेऊनच शोरूममध्ये जाता येईल.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव